देखावा राखावा लागतो

आबा गाडीतून उतरले, कठड्यापर्यंत गेले, कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "पॉइंट बंद पडलाय."

मी म्हटलं, "बंद कसा असेल आबा? पार्किंग आहे, पाटी आहे."

"पाटी हाय. दिसतंय काय?"

मी जाऊन बघितलं. लाकडी पाटीवर पॉइंटचं नाव आणि उंची कोरलेली होती. गाड्या लावायला व्यवस्थित जागा होती. आणि कठड्यापलीकडे फक्त पानं होती. ट्युलिप पॉप्लर, मेपल, आणखी कसली कसली झाडं, सगळी दाटीवाटीने वर आलेली. त्यांच्यामागे कुठेतरी दरी असणार. फांद्या हलल्या की फटीतून निळसर काहीतरी दिसायचं आणि परत झाकलं जायचं. मी फोटोसाठी उघडलेला कॅमेरा बंद करून फोन खिशात टाकला.

आबा मात्र झाडांकडे बघत होते. "सगळी एका वयाची हायत बघ. धा-बारा वर्सं हितं कोयता लागल्याला न्हाई."

आबांनी एकतीस वर्षं पसरणीच्या घाटात मैलकुली म्हणून काम केलं. वाईहून पाचगणीला गेला असाल तर या घाटातूनच गेला असाल. पावसाळ्याच्या आधी चर काढायचे, खड्डे भरायचे, पडलेली दरड बाजूला करायची, किलोमीटरच्या दगडांना रंग द्यायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे आणि वळणावर समोरचं वाहन दिसत नसेल तर झुडपं तोडायची. त्यामुळे आबा कुठल्याही रस्त्यावरून जाताना निसर्ग नंतर बघतात. आधी रस्त्याची कड बघतात.

ही गोष्ट जून २०२३ची. आम्ही ब्लू रिज पार्कवेवर होतो.

*

हा पार्कवे म्हणजे अमेरिकेतला ४६९ मैलांचा, साधारण ७५५ किलोमीटरचा डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता. व्हर्जिनियातलं शेनान्डोआ आणि नॉर्थ कॅरोलायना-टेनेसीच्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स या दोन नॅशनल पार्कांना तो जोडतो. रस्ता स्वतःही नॅशनल पार्क सर्व्हिसच्याच ताब्यात आहे. ट्रकना बंदी, जाहिरातींच्या फलकांना बंदी आणि वेगाची मर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. कुठेतरी लवकर पोचायचं असेल त्याने या रस्त्याला येऊच नये. हा रस्ता बघण्यासाठी बांधलेला आहे. दर थोड्या अंतरावर गाडी थांबवायला पॉइंट आहेत, असे दोनशेहून जास्त.

मी तेव्हा शार्लटला राहायचे. तिथून आय-७७ने उत्तरेला दीड-दोन तास गेलं की फॅन्सी गॅप नावाच्या गावाजवळ पार्कवे लागतो. अमेरिकेत आल्यापासून मी चार वेळा तरी पार्कवेवर गेले होते. ऑक्टोबरमधल्या लाल-पिवळ्या पानांचे माझे फोटो बघून गावाकडच्या मैत्रिणी 'स्वर्ग' अशी कमेंट टाकायच्या. मलाही ते तसंच वाटायचं. माणसाने हात न लावलेलं काहीतरी.

आबांची अमेरिकेची ही पहिलीच वारी. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिकीट फेब्रुवारीतच काढून ठेवलं होतं. चालायला त्यांना काही त्रास नाही, तरी मी व्हीलचेअर सांगितली होती, म्हणजे इमिग्रेशनला कुणीतरी बरोबर राहतं. शार्लटला बाहेर आले ते खुर्चीत संकोचून बसलेले. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, "मला काय झालं न्हाई गं, ह्यांनीच बसवलं."

ते आले त्याच्या दहा दिवस आधी माझी नोकरी गेली होती.

पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता. समोर माझी मॅनेजर आणि एचआरची एक अनोळखी बाई. दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक झाला. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर दुसरी काही कायदेशीर सोय बघायची, नाहीतर देश सोडायचा.

आबांना मी सांगितलं नाही. रोज सकाळी खोलीचं दार लावून 'मीटिंग' म्हणत बसायचे आणि अर्ज भरायचे. आधीही व्हिडिओ कॉलवर मी फोन नेहमी एकाच जागी ठेवायचे. खिडकी, मनीप्लांट आणि मागे पुस्तकांचं कपाट. उजवीकडे न धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा, डावीकडे भिंतीला टेकवलेली तुटकी खुर्ची. ती कधीच फ्रेममध्ये आली नाहीत. आबा समोर आल्यावर मी तीच फ्रेम मोठी करून चालवत होते. दोन दिवसांची ही सहलही त्यातलीच. मंगळवार-बुधवार. "रजा टाकली आहे," असं सांगितलं होतं.

*

पहिला मोठा थांबा मेब्री मिल. मैलाच्या १७६व्या दगडापाशी. पार्कवेवरच्या सगळ्यात जास्त फोटो निघणाऱ्या जागांपैकी ही एक. जुनी लाकडी पाणचक्की, समोर तळं, तळ्यात चक्कीचं प्रतिबिंब. बाजूला ओंडक्यांची छोटी झोपडी. एड मेब्री आणि त्याची बायको लिझी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चक्की चालवली. दळण, लाकूड कापणं, लोहारकाम, सगळं इथेच व्हायचं.

आबा चक्कीचं चाक आणि पाण्याचा पाट नीट बघून आले आणि झोपडीकडे बोट करून म्हणाले, "गिरणीवाला हितं राहायचा?"

मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. मेब्री कुटुंब या झोपडीत कधीच राहिलं नाही. त्यांचं घर फळ्यांचं, दुमजली होतं, त्या काळातल्या कुठल्याही बऱ्या घरासारखं. पार्कवे करणाऱ्यांना डोंगरातल्या जुन्या, साध्या लोकांचं चित्र दाखवायचं होतं. दुमजली घर त्या चित्रात बसेना. ते पाडलं आणि दुसरीकडून ओंडक्यांची झोपडी आणून ठेवली.

आबा हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

"चांगलं घर पाडून खोपाट आणून ठिवलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पसरणीच्या घाटात गाड्या थांबवून लोक धोमचं पाणी बघत्यात. लई ग्वाड दिसतंय म्हणत्यात. दिसतंच. पर त्या पाण्याखाली गावं हायत. माझ्या आईचं म्हायार हाय त्यात."

हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. पण त्या घाटातून कॉलेजला जाताना धरणाच्या पाण्याचे मीही फोटो काढले होते आणि ते टाकताना मला आजीची आठवण झाली नव्हती.

पार्कवेच्या दोन्ही टोकांना अशा गोष्टी आहेत. उत्तरेला शेनान्डोआ नॅशनल पार्क करताना डोंगरात राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. दक्षिणेला चेरोकी लोकांनी मात्र भांडण केलं. रस्ता त्यांच्या दरीतल्या चांगल्या जमिनीतून जाणार होता. त्यांनी काही वर्षं तो अडवून धरला आणि शेवटी डोंगरमाथ्यावरून न्यायला लावला. आज गाडीतून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वळण दिसतं.

*

मेब्री मिलवरून आम्ही वळलो आणि दक्षिणेला निघालो. दोन्ही बाजूंना कुरणं, मधे गाई, गवताचे गोल भारे, नागमोडी लाकडी कुंपणं. "ही शेती पार्कात कशी?" आबांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं की मी वाचलेलं सगळं मलाच नीट समजलेलं नव्हतं. सांगताना समजत गेलं.

रस्त्याचं काम सुरू झालं सप्टेंबर १९३५मध्ये, मंदीच्या काळात, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखं, असं मी आबांना सांगितलं. रस्त्याची आखणी करायला स्टॅन्ली अॅबट नावाचा लँडस्केप आर्किटेक्ट आणला. विशीतला पोरगा होता, माझ्यापेक्षा लहान. त्याने आणि त्याच्या लोकांनी रस्त्याबरोबर बाजूची जमीनही आखली. प्रत्येक तुकड्याचे नकाशे केले. इथे झाडं लावा, इथली काढा, इथे शेत आहे तसं राहू द्या, इथे झाडीत खिडकी पाडा म्हणजे दरी दिसेल. थोडा वेळ दाट सावलीतून जायचं, मग एकदम मोकळं व्हायचं, मग परत सावली. गाडी चालवताना आपल्याला जे आपोआप घडतंय असं वाटतं ते कुणीतरी कागदावर काढून ठेवलेलं आहे. कुरणं मोकळी राहावीत म्हणून पार्कची काही जमीन शेतकऱ्यांना कसायला दिली जाते.

आणखी एक पद्धत होती. काही ठिकाणी सरकारने जमीन विकत न घेता जमिनीवरचा फक्त एक हक्क विकत घेतला. शेतकऱ्याने शेती करावी, जनावरं चारावीत, पण देखावा बिघडेल असं काही बांधू नये.

आबांनी हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मळा त्याचा आन् देखावा सरकारचा."

एवढ्या कमी शब्दांत मी ते कुठेच वाचलं नव्हतं. या हक्कांवरून पुढे बरेच गोंधळ झाले. घेताना बापाने सही केलेली असायची, पोराला पत्ता नसायचा. तो झाडं तोडायचा किंवा घर बांधायला काढायचा आणि पार्कशी भांडण व्हायचं. शेवटी सरकारने जमिनी सरळ विकतच घ्यायला सुरुवात केली.

*

त्या दिवशी दुपारी एका पॉइंटवर दोन माणसं कडेचं गवत कापत होती. एक ट्रॅक्टरवर, एक पाठीला मशीन अडकवून. आबा थेट त्यांच्याकडे निघाले. मी घाईने मागे गेले, कारण आता दुभाषी मीच होते.

पाठीला मशीन असलेला माणूस पन्नाशीचा असेल. त्याने मशीन बंद केलं, कानावरचे बोंडे काढले. आबांनी विचारलं की मागे एक पॉइंट झाडीने पूर्ण बंद झालाय, तो का नाही मोकळा करत? मी ते जरा मऊ करून सांगितलं.

तो हसला. म्हणाला की पॉइंट खूप आणि माणसं कमी. पूर्वीपेक्षा बरीच कमी. आणि झाडं कधीही तोडता येत नाहीत. उन्हाळ्यात वटवाघळं झाडांच्या सालीखाली पिल्लं वाढवतात, त्यातल्या काही जाती धोक्यात आहेत, म्हणून मोठं काम थंडीतच करायचं. उंचावरच्या जंगलात उडती खार आहे, तिथे तर फारच जपून. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक परत वाढलेलं असतं.

आबांनी मान हलवली. "आमच्यात बी तसंच," म्हणाले. मी सांगितलं की माझे वडीलही हेच काम करायचे, भारतात, घाटात. त्या माणसाने हातमोजा काढून आबांचा हात हातात घेतला आणि विचारलं, किती वर्षं? एकतीस ऐकल्यावर त्याने शीळ घातली.

गाडीत बसल्यावर मात्र माझं मन खळखळ करत होतं. नॅशनल पार्कात झाडं तोडायची, तीही फोटो चांगला यावा म्हणून? मी कॉलेजात असताना रस्ता रुंदीकरणासाठी झाडं तोडली म्हणून मोर्चाला गेलेली मुलगी. मी आबांना म्हटलं, "वाढू द्यावीत की झाडं. त्यांचंच आहे ते रान."

"त्यांचंच हाय," आबा म्हणाले. "मग रस्ता कशापायी केला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. रस्ता झाला तेव्हा हे डोंगर आजच्याइतके झाडांनी भरलेले नव्हतेच. बरंच जंगल लाकडासाठी तोडून झालं होतं, उतारावर शेती आणि कुरणं होती. त्यात इथला सगळ्यात मोठा वृक्ष, अमेरिकन चेस्टनट, मरत होता. १९०४मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर बाहेरून आलेली एक बुरशी पहिल्यांदा लक्षात आली आणि पुढच्या काही दशकांत तीन-चार अब्ज झाडं गेली असा अंदाज आहे. आपण रस्त्याकडेला बघतो ती जुनी कुंपणं चेस्टनटच्याच लाकडाची, कारण ते लवकर कुजत नाही. म्हणजे अॅबटच्या माणसांनी ज्या खिडक्या पाडल्या त्या एका जखमी, उघड्या डोंगराकडे बघणाऱ्या होत्या. नंतर डोंगर बरा होत गेला आणि खिडक्या बुजायला लागल्या. आज पॉइंट मोकळा करणं म्हणजे एका अर्थाने १९३५च्या आसपासचं चित्र धरून ठेवणं.

आणि पॉइंट मोकळा केला तरी समोर जे दिसतं ते बहुतेक पार्कच्या हद्दीबाहेरचं असतं. पार्कची पट्टी काही ठिकाणी फारच अरुंद आहे. पार्कवाले आपली झाडं कापू शकतात, समोरच्या डोंगरावर उगवणारे बंगले कसे थांबवणार? ग्रँडफादर माउंटनच्या जवळच्या एका डोंगरमाथ्यावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दहा मजली इमारत उभी राहिली. ती लांबून कुठूनही दिसायची. लोक इतके चिडले की नॉर्थ कॅरोलायनाने १९८३मध्ये उंच डोंगरमाथ्यांवर उंच इमारती बांधायला मनाई करणारा कायदा केला. ती इमारत मात्र अजून आहे. हे ऐकून आबांनी पाचगणीच्या कडेने झालेल्या बंगल्यांची नावं एकेक करून सांगितली. महाबळेश्वर-पाचगणी २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्या आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले हे त्यांना पाठ आहे.

तर मी आता एवढंच म्हणते. झाडं तोडणं मला अजूनही आवडत नाही. पण 'आपोआप सुंदर' अशी जागा रस्त्याच्या कडेला नसते. काय दिसू द्यायचं आणि काय झाकायचं हे कुणीतरी ठरवतं आणि मग कुणालातरी दर काही वर्षांनी तिथे उतरून हत्यार चालवावं लागतं. ज्याने ठरवलं त्याचं नाव पुस्तकात येतं. दुसऱ्याचं येत नाही.

*

रात्री बूनमध्ये स्वस्तातल्या मोटेलात राहिलो. आबांनी बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी बाथरूममध्ये जाऊन फोनवर मेल बघितले. एक नकार आला होता.

बुधवारी सकाळी आम्ही लिन कोव्ह व्हायाडक्ट बघायला गेलो. हा पार्कवेचा शेवटचा जोडलेला तुकडा. बाकी रस्ता होऊन गेला तरी ग्रँडफादर माउंटनपाशी काही मैल वर्षानुवर्षं अडले होते. डोंगराचा मालक ह्यू मॉर्टन, त्याने सांगितलं की डोंगर वरून कापून रस्ता नेऊ देणार नाही. शेवटी खालच्या उतारावरून डोंगराला वळसा घालणारा पूल बांधला. काँक्रीटचे १५३ तुकडे आधी ओतून आणले आणि एकाला एक जोडत पूल पुढे सरकवला, म्हणजे खालच्या खडकांमधून यंत्रं न्यायला वेगळा रस्ता कापावा लागला नाही. काँक्रीटमध्ये रंग मिसळला, म्हणजे ते खडकासारखं दिसेल. सुरुवात झाल्याला बावन्न वर्षं झाली तेव्हा, सप्टेंबर १९८७मध्ये, पार्कवे पूर्ण झाला.

जवळच रफ रिज नावाच्या ठिकाणी पायवाटेने थोडं चढलं की लाकडी फळ्यांचा मार्ग लागतो आणि तिथून पूल दिसतो. आबा माझ्या पुढे चढून गेले. वर वारा होता. खाली रस्ता डोंगराच्या कडेला टेकल्यासारखा वळत गेलेला आणि पलीकडे एकामागे एक निळ्या रांगा.

आबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पूल बघतायत.

"आज बुधवार ना?" ते म्हणाले.

"हो."

"रजा किती टाकल्यात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काहीच सुचलं नाही. मग सांगितलं. कॉल, लॅपटॉप, दार लावून करत होते ते अर्ज, साठ दिवस. सगळं एका दमात. मागून एक कुटुंब येत होतं, त्यांना वाट द्यायला आम्ही बाजूला सरकलो आणि मी परत बोलायला लागले.

आबांनी विचारलं, "साठातलं गेलं किती?"

"एकवीस."

"मग एकूणचाळीस हायत."

एवढंच म्हणाले. मी थांबले होते की अजून काही म्हणतील. ते रेलिंगला हात लावून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. उतरताना, अर्ध्या वाटेवर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सात वर्सं रोजंदारीवर होतो. तवा मधनंमधनं ब्रेक द्यायचे. कामावरनं काढायचे, पुन्यांदा घ्यायचे. तू लहान व्हतीस. मी डबा घिऊन घरातनं निघायचो आन् वाईला जाऊन बसायचो. तुझ्या आईला ठावं व्हतं."

माझ्या आठवणीत आबा म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस. त्या आठवणीत वाईला घाटावर नुसतं बसून राहिलेले आबा कुठेच नव्हते. ते मला दिसू नयेत याची काळजी दोघांनी मिळून घेतली होती.

"सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

परत येताना गाडीत आम्ही दोघांनी मिळून यादी केली. कुठल्या वस्तू विकायच्या, गाडीचं काय करायचं, परत यावं लागलं तर पुण्यात कुणाकडे उतरायचं. आबांनी माझ्या वहीत त्यांच्या मोठ्या अक्षरात आकडे मांडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला रात्री झोप लागली.

*

सत्तेचाळिसाव्या दिवशी मला रॅलीला नोकरी मिळाली. पगार कमी, कंपनी लहान. आबा सप्टेंबरमध्ये परत गेले.

त्यानंतर वर्षभराने, २७ सप्टेंबर २०२४ला हेलेन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाचे डोंगर धुऊन काढले. गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं गेली. पार्कवे पूर्ण बंद करावा लागला. कित्येक ठिकाणी दरडी कोसळल्या, कुठे रस्त्याखालची जमीनच वाहून गेली, आडव्या पडलेल्या झाडांची तर गणतीच नव्हती. मी सुखरूप असल्याचं कळवायला आबांना फोन केला. माझी विचारपूस झाल्यावर त्यांनी विचारलं, "आपण गेल्तो त्या रस्त्याचं काय झालं?"

मी बातम्यांमधले फोटो पाठवले. त्यांनी ते चष्मा लावून बघितले असणार, कारण उत्तर यायला वेळ लागला. व्हॉइस मेसेज होता. "माणसं लावली का कामाला? त्यो गवत कापणारा बरा हाय का?"

त्याचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

व्हर्जिनियाकडचा भाग लवकर सुरू झाला, दक्षिणेकडचा तुकड्या-तुकड्यांनी होत गेला. गेल्या उन्हाळ्यात मी फॅन्सी गॅपवरून त्या बंद पॉइंटवर परत गेले. अजून बंदच आहे, झाडं आणखी वाढली आहेत. वादळाने मोडलेल्या रस्त्यापुढे एका पॉइंटचा नंबर कधी लागणार? मी कठड्यावर चढून आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पानांकडे धरला. मग फिरवून सगळं दाखवलं. रिकामं पार्किंग, भरून वाहणारं कचऱ्याचं पिंप, माझी गाडी, तिच्या दारावरचा नवा पोचा.

"ह्ये कधी झालं?" आबा म्हणाले.

"परवा. माझीच चूक. खांबाला घासली."

"हं." मग जरा वेळाने, "पानं झडल्यावर जा तिथं. जानेवारीत जा. फांद्यातनं दिसंल."

जानेवारीतली दोन दिवसांची रजा टाकली आहे. मंगळवार-बुधवार. आबांना सांगितलंय, या वेळी खरी आहे.